पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीसाठी पहिली दुरुस्ती कशी पाठवावी

ठाण्यातल्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेपर्यंतच्या कार्यालयांत जे रोज पायथन वापरतात, त्यांनी त्याच्या स्टँडर्ड लायब्ररीच्या, म्हणजे पायथनसोबतच मिळणाऱ्या मॉड्यूल्सच्या, विकासात अवश्य भाग घ्यावा. सीपायथनचा, म्हणजे पायथनच्या मूळ अंमलबजावणीचा, सगळा कोड गिटहब या संकेतस्थळावर खुला आहे आणि दुरुस्ती सुचवायला कोणाची ओळख लागत नाही. मात्र नोकरी करणाऱ्यांनी आधी आपले नेमणूकपत्र नीट वाचावे, कारण पहिल्या पुल रिक्वेस्टच्या (आपला बदल मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीच्या) वेळी योगदानाच्या करारावर सही करावी लागते आणि तो कोड देण्याचा हक्क आपल्याकडे असावा लागतो. हे काम घरच्या लॅपटॉपवर केलेले बरे.

रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, फोर्क करून (गिटहबवर स्वतःची प्रत काढून) उतरवून घ्यावी आणि चुका शोधायला मदत करणारा 'विथ-पायडिबग' हा पर्याय देऊन बिल्ड करावी. पायथनमध्ये लिहिलेली मॉड्यूल्स 'लिब' फोल्डरमध्ये, तर सी भाषेतली बहुतेक 'मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये आहेत. सुरुवात 'लिब'पासून करावी.

काय दुरुस्त करायचे हे ठरवणे सर्वांत अवघड. नवे फंक्शन सुचवण्याचा मोह टाळावा, कारण लायब्ररीत एकदा आलेली गोष्ट सहजासहजी बाहेर काढता येत नाही. सीजीआय, टेलनेटलिब यांसारखी १९ मॉड्यूल्स कालबाह्य झाली होती, तरी ती काढण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये मांडला गेल्यावर प्रत्यक्षात ती ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत काढली गेली.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना एक उदाहरण लगेच पटेल. 'ठाणे' या शब्दावर रेग्युलर एक्स्प्रेशनमधले (मजकुरात नमुने शोधण्याच्या पद्धतीतले) 'बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस', म्हणजे सलग शब्द शोधणारा पॅटर्न, चालवले, तर ३.१३ मध्ये उत्तर म्हणून 'ठ' आणि 'ण' असे दोन तुकडे मिळतात. काना आणि मात्रा युनिकोडमध्ये अक्षरांच्या नव्हे, तर चिन्हांच्या वर्गात मोडतात आणि हा पॅटर्न त्यांना शब्दाचा भाग मानत नाही. आपल्या दृष्टीने ही उघड चूक आहे. पण तिच्या बदलाने जगभरातल्या चालू प्रोग्रामांची उत्तरे बदलतील. म्हणून अशा ठिकाणी थेट कोड न पाठवता जुने इश्यू, म्हणजे गिटहबवर नोंदवलेल्या तक्रारी व सूचना, शोधावेत, त्यांतली चर्चा शेवटपर्यंत वाचावी आणि नवा मुद्दा असेल तरच चार ओळींच्या नेमक्या उदाहरणासह मांडावा. देवनागरीची अशी उदाहरणे आपण दिली नाहीत, तर ती दुसरे कोण देणार?

पहिल्या खेपेला अपुरी टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्राम) किंवा दस्तऐवजातले संदिग्ध वाक्य निवडावे. चूक दुरुस्त करायची असेल, तर आधी टेस्ट लिहून ती जुन्या कोडवर नापास होते हे स्वतः पाहावे, मगच कोडला हात लावावा. त्या मॉड्यूलच्या टेस्ट पास झाल्या की संपूर्ण संच चालवावा. वापरणाऱ्याला जाणवेल अशा बदलासाठी 'ब्लर्ब' या साधनाने बातमीची छोटी नोंदही जोडावी लागते. पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात इश्यूचा क्रमांक द्यावा.

तपासणारे बहुतेक जण स्वयंसेवक असल्याने उत्तराला वेळ लागतो. महिनाभर वाट पाहून नम्रपणे आठवण करण्यास हरकत नाही. सुचवलेले बदल नव्या कमिटमध्ये (बदलाच्या नव्या नोंदीत) करावेत, फोर्स-पुश करू नये, म्हणजे आधी पाठवलेल्या नोंदी पुसून नव्या लादू नयेत, म्हणजे आधीच्या शेऱ्यांचा धागा तुटत नाही. शेवटी सगळ्या कमिट एकत्र करूनच बदल मुख्य शाखेत घेतला जातो. तिथून चूक सुधारणारा बदल चालू आवृत्त्यांमध्येही जाऊ शकतो, पण नव्या सुविधेला पुढच्या वार्षिक आवृत्तीपर्यंत थांबावे लागते.