सर्व्हरवर फाईल सेव्ह व्हायला वेळ लागतोय? आधी स्टॉपवॉच काढा

महिन्याची २० तारीख जवळ आली की बडोद्यातल्या अकाउंटंट मंडळींचे फोन सुरू होतात. जीएसटीचं ३बी हे मासिक विवरणपत्र भरायचं असतं आणि नेमकं तेव्हाच एक्सेलमध्ये सेव्ह दाबलं की निळं चक्र फिरत बसतं. पहिला प्रश्न ठरलेला: "सर्व्हर म्हातारा झाला, नवा घेऊ का?" दहा-वीस खुर्च्यांच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असं निघतं, पण ते अंदाजाने देत नाही, मोजून देतो. मोजायला इंजिनिअर लागत नाही.

जी फाईल छळते आहे तिचीच एक प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा. भर कामात मूळ फाईलशी खेळू नका. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून तीन आकडे वहीत लिहा. प्रत आपल्याच डेस्कटॉपवर ठेवून, एका कप्प्यात काहीतरी बदलून सेव्ह केली तर किती सेकंद? तीच सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवून सेव्ह केली तर किती? आणि एक्सेल न उघडता नुसती ओढून सर्व्हरवर कॉपी केली तर किती? मग शेजारच्या टेबलावर बसून पुन्हा तेच करा.

डेस्कटॉपवरही चाळीस सेकंद लागत असतील तर सर्व्हर निर्दोष आहे. फाईल जड आहे किंवा तो कॉम्प्युटर थकलाय. कॉपी झटकन होते पण सेव्ह रखडतं, तर घोटाळा प्रोग्राम आणि अँटिव्हायरसच्या पातळीवर आहे. कॉपीसुद्धा रखडत असेल तर वायर किंवा सर्व्हरची डिस्क. रखडपट्टी एकाच टेबलावर असेल तर त्या टेबलापलीकडे शोधूच नका. आणि सेव्ह होताना नव्हे, 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी उघडतानाच वेळ जात असेल तर 'धिस पीसी'मध्ये लाल फुलीचे जुने नेटवर्क ड्राइव्ह आहेत का बघा. कधीच भंगारात गेलेल्या सर्व्हरला विंडोज अजून हाका मारत असतं. ते ड्राइव्ह काढून टाका.

फाईल जड असेल तर

एक्सेलमध्ये कंट्रोल धरून एंड दाबा. तुमचा हिशेब ८०० ओळींचा आणि कर्सर जाऊन बसला १०,४८,५७६व्या ओळीवर, तर कुणीतरी खालच्या रिकाम्या ओळींना थेट तळापर्यंत रंग नाहीतर चौकटी मारून ठेवल्या आहेत. खालच्या रिकाम्या ओळी निवडून माऊसच्या उजव्या बटणाने डिलीट करा (नुसती डिलीटची कळ मजकूर पुसते, ओळ काढत नाही) आणि सेव्ह करा. फाईलचा आकार किती उतरला ते बघून लोक मला चहा पाजतात.

कॉपी झटकन, सेव्ह मात्र रखडत

सर्व्हरचं फोल्डर बाजूला उघडं ठेवून एक्सेलमध्ये सेव्ह दाबा आणि नजर फोल्डरवर ठेवा. आठ अक्षरांच्या चमत्कारिक नावाची एक फाईल क्षणभर उगवते आणि नाहीशी होते. एक्सेल तुमच्या फाईलवर थेट लिहीत नाही. आधी नवी तात्पुरती फाईल पूर्ण लिहितं, मग जुनी हटवतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. वर्डचीही रीत साधारण हीच. म्हणजे एका सेव्हमध्ये सर्व्हरकडे बरेच हेलपाटे होतात, आणि प्रत्येक हेलपाट्यात अँटिव्हायरस दाराशी उभा राहून पिशवी तपासतो. एकदा तुमच्या कॉम्प्युटरवर, एकदा सर्व्हरवर. सर्व्हरवरचा चालू ठेवा, आणि टेबलावरच्या अँटिव्हायरसमध्ये नेटवर्कवरच्या फाईली तपासण्याचा पर्याय बंद करून वेळ पुन्हा मोजा. अख्खा अँटिव्हायरस बंद करून कामाला बसू नका.

त्या चमत्कारिक नावांच्या फाईली फोल्डरमध्ये ढिगाने साचल्या असतील तर लोकांना लिहिण्याची परवानगी आहे पण हटवण्याची नाही. सर्व्हरवर 'मॉडिफाय' परवानगी द्या.

कॉपीही रखडते: वायर बघा

सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा. 'लिंक स्पीड'समोर १०००/१००० (मेगाबिट) हवं. १००/१०० असेल तर सेकंदाला फार तर १२ एमबी (मेगाबाइट) जाणार. ६० एमबीची फाईल पाच सेकंद तरी खाणार. वायरमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००च्या वेगाला दोन पुरतात, १०००ला चारही लागतात. त्या जादाच्या दोनपैकी एक जोडी तुटली तरी जोडणीचा दिवा लागतो, इंटरनेट चालतं, म्हणून वायरवर कुणी संशयच घेत नाही.

दांडिया बाजारातल्या एका ऑफिसने मला असाच चकवा दिला. जुना वाडा, सर्व्हर मागच्या खोलीत, सात माणसं पुढच्या माडीवर. मागे सगळं सुरळीत, पुढे सातही जणांचं चक्र फिरतंय. प्रत्येकाच्या स्क्रीनवर मात्र १०००/१०००! मालक म्हणाले, "अहो, सर्व्हर मागच्याच वर्षी घेतलाय." तो आकडा टेबलापासून माडीवरच्या स्विचपर्यंतचा (टेबलांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यापर्यंतचा) होता. माडीवरच्या स्विचपासून मागच्या स्विचपर्यंतच्या वायरीचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी होता, म्हणजे तिथे १००. (रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, स्विचच्या तोंडावर छापलेला असतो.) ती वायर गच्चीवरून गेलेली. वर जाऊन हाताने चाचपत गेलो तर कठड्याजवळ वेष्टनाला ब्लेडने मारल्यासारखी चीर, आत तांबं हिरवं पडलेलं आणि तपकिरी जोडी तुटलेली. उत्तरायणात त्या कठड्यावरून किती मांजा घासून गेला असेल! चीर पडली जानेवारीत, पावसाचं पाणी शिरलं जूनमध्ये आणि फोन आला जुलैत. नवी वायर पाइपातून नेली. दोन इमारतींमध्ये ओढायची असेल तर सरळ फायबरच ओढा, विजेचा झटका त्यातून स्विचपर्यंत येत नाही.

वायर ठीक, मग सर्व्हर

एक मोठी फाईल सर्व्हरवरून आपल्याकडे आणा, मग उलट पाठवा. आणताना सुसाट आणि पाठवताना कूर्मगती असेल तर लिहिण्यातच अडचण आहे. सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कची रांग, म्हणजे खोळंबलेली कामं, बघा. रांग लांब दिसली तर बऱ्याचदा बॅकअप सकाळी अकराला लावलेला असतो, तो रात्री न्या. डिस्क ९० टक्क्यांवर भरली असेल तर जागा करा.

सर्व्हरमध्ये रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असेल तर त्याच्या प्रोग्राममध्ये बॅटरीची स्थिती तपासा. ती चांगली असेपर्यंत कार्ड मजकूर आपल्या मेमरीत घेऊन लगेच 'झालं' म्हणतं. बॅटरी मेली की धोका नको म्हणून प्रत्येक अक्षर डिस्कवर उतरेपर्यंत थांबवून ठेवतं. डिस्क रेड ५ पद्धतीने जोडलेल्या असतील तर छोट्या लिखाणाला चार-चार डिस्कफेऱ्या, मग विचारूच नका. एखादी डिस्क बंद पडलेली नाही ना, तेही त्याच पडद्यावर दिसेल. बंद पडली असेल तर वेग राहू द्या, आधी बॅकअप घ्या.

छोट्या ऑफिसांत आणखी एक गोष्ट दिसते: एकच सर्व्हर डोमेन कंट्रोलरही (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा) आणि फाईल सर्व्हरही. डोमेनचा डेटाबेस ज्या डिस्कवर असतो तिचं राइट कॅशिंग (मजकूर आधी मेमरीत घेऊन मग डिस्कवर उतरवणं) विंडोज मुद्दाम बंद करतं. फाईली वेगळ्या डिस्कवर हलवा. तो कॅश जबरदस्तीने चालू करू नका.

विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आल्यापासूनच तक्रार सुरू झाली असेल आणि सर्व्हर म्हणून जुना नास डबा (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) असेल, तर शक्यता एसएमबी सायनिंगची, म्हणजे नेटवर्कवर फाईली देताघेताना लागणाऱ्या सहीची. या आवृत्तीच्या प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत प्रत्येक पाकिटावर सही सक्तीची झाली, आणि जुन्या डब्याचा प्रोसेसर त्यात दमतो. ती सक्ती काढायचा सल्ला जागोजागी मिळेल. मी देत नाही. तिथे मात्र मी नवा डबा घ्यायला सांगतो.