पावसाळी पाण्याची परवानगी: लेआउटची फाइल शेवटच्या टोकापासून तयार करा

पाच एकर जमीन घेतली, रस्ते आखले, प्लॉट पाडले, सपाटीकरणाला जेसीबी सांगून ठेवला. मग कुणीतरी विचारतं, "पावसाच्या पाण्याचं काय?" आणि ठरलेलं उत्तर येतं: "रस्त्याच्या कडेनं गटार काढू." हे उत्तर ऐकून ऐकून मला वीट आलाय. गटार कुठून जाणार हे तुम्ही सांगितलंत. ते संपणार कुठं? फाइल तपासणारा अभियंता नेमकं तेच शोधतो, आणि दहातल्या आठ नकाशांवर हद्दीपाशी एक बाण काढून विषय संपवलेला असतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याकडे "पावसाळी पाण्याचा परवाना" नावाचा एकच कागद मिळत नाही. लेआउट मंजुरीच्या अटी, दोन-तीन खात्यांचे ना हरकत दाखले आणि तुमचा पावसाळी गटारांचा नकाशा मिळून तो बनतो. बृहन्मुंबई, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं सोडली तर राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. मी लिहितोय ते त्या क्षेत्राबद्दल. मंजुरी महापालिका देते, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते की जिल्हाधिकारी कार्यालय नगररचनेच्या शिफारशीवर देतं, हे जमीन कुठं आहे त्यावर ठरतं.

सातबारा, मोजणी नकाशा, झोन दाखला ही कागदपत्रं तुमच्याकडे असतीलच. नसतील तर इथंच थांबा आणि आधी ती आणा.

कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढउतारांची मोजणी, करून घ्या. सर्व्हेअर तुमच्या हद्दीवर थांबतो, कारण त्याचे पैसे एकराप्रमाणे ठरलेले असतात. त्याला चार पैसे जास्त द्या आणि दोन गोष्टी लिहून घ्या: हद्दीबाहेर निदान तीस-चाळीस मीटरपर्यंतच्या लेव्हल (उंचीच्या नोंदी), आणि पाणी जिथं सोडायचंय त्या ओढ्याचा किंवा मोरीचा तळ. बेंचमार्क, म्हणजे ज्यावरून सगळ्या लेव्हल मोजतात ती खूण, पक्क्या जागी हवा. झाडाच्या बुंध्यावर रंगाची रेघ मारून ठेवलेला बेंचमार्क जेसीबीच्या पहिल्याच दिवशी जातो.

उतार १:५ (पाच मीटर अंतरात एक मीटर) किंवा त्याहून तीव्र असलेल्या जागेवर खोदाई, भराव, सपाटीकरण यांतलं काहीही करायचं नाही. "थोडंसंच कापू" म्हणणाऱ्या ठेकेदाराला तेवढा तुकडा नकाशावर रंगवून दाखवा.

नदी जवळ असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर चढवून घ्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामाच्या हिशेबातून सरळ काढून टाका. निळी ते लाल या पट्ट्यात निर्बंध आहेत, ते वाचून घ्या.

ओढा कागदावर आणि ओढा जागेवर

गाव नकाशावर ओढा दिसतो पण जागेवर सपाट शेत असतं, किंवा याच्या उलट. दोन्ही प्रकार सर्रास आढळतात. पिढ्यान्‌पिढ्या नांगरून लोकांनी ओढा बुजवलेला असतो. म्हणून सातबाऱ्यावरचं पोटखराब, म्हणजे लागवडीखाली न येणारं क्षेत्र, नीट बघा. पोटखराब ब म्हणून दाखवलेल्या क्षेत्रात बऱ्याचदा जुना पाणओघ लपलेला असतो. "जागेवर तर काहीच नाही हो" हे वाक्य मंजुरीच्या टेबलावर चालत नाही आणि जुलैत पाण्यापुढंही चालत नाही.

जागेवर पाणी वाहतंय पण काठ धड नाहीत, सखल भागातून ते पसरत जातंय, अशा लहान ओघाला ठरावीक मार्ग आणि ठरावीक छेद देऊन वळवायची सोय नियमावलीत आहे. पण तो मार्ग आणि छेद प्राधिकरणानं ठरवायचा असतो, तुमच्या ठेकेदारानं रविवारी गुपचूप नाही. ओढ्यापासून आणि नदीपासून किती अंतर सोडायचं ते नियमावलीत वेगवेगळं दिलंय. मोजताना पाण्याच्या कडेपासून मोजा, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाच्या मधून नाही.

खरी अडचण: वरचं पाणी आणि शेवटचं टोक

मला हा टप्पा उमजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि फायली परत येतात त्याही इथूनच. इंटरनेटवर मिळणारे तयार तक्ते फक्त तुमच्या प्लॉटवर पडणारं पाणी मोजतात. पावसाला तुमची हद्द कुठंय ते ठाऊक नसतं. वरच्या टेकडीचं, शेजारच्या शेतांचं पाणी आजवर तुमच्या जमिनीतून जात आलंय, आणि लेआउट झाल्यावरही ते तिथूनच जाणार.

उदाहरण घ्या. तुमची जमीन २ हेक्टर, आणि वरून तुमच्याकडे उतरणारं क्षेत्र १२ हेक्टर. हिशेबापुरता पाऊस ताशी ६० मिलिमीटर धरू. प्रत्यक्षात हा आकडा हवामान खात्याच्या नोंदींवरून आणि प्राधिकरण सांगेल त्या पुनरावृत्तीच्या वर्षांवरून (तेवढा पाऊस किती वर्षांतून एकदा येतो) घ्यायचा. सूत्र सोपं आहे: रनऑफचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो), ताशी मिलिमीटरमध्ये पाऊस आणि हेक्टरमध्ये क्षेत्र यांचा गुणाकार करून त्याला दहानं गुणा, म्हणजे ताशी घनमीटर मिळतात. लेआउट झालेल्या जमिनीचा गुणांक ०.७ धरला तर तुमचं स्वतःचं पाणी ताशी ८४० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.२३ घनमीटर. १:२०० उताराचा ६०० मिलिमीटर व्यासाचा ह्यूम (सिमेंटचा) पाइप भरून वाहिला तर सुमारे ०.४३ घनमीटर नेतो. सल्लागार खूश, तुम्ही खूश.

आता वरचं पाणी मिळवा. ०.४ गुणांकानं १२ हेक्टरचं पाणी ताशी २८८० घनमीटर येतं. दोन्ही मिळून सेकंदाला १.०३ घनमीटर. त्याच उतारावर ९०० मिलिमीटरचा पाइप लागतो आणि तुमचा ६०० चा पाइप अर्धंही पाणी नेत नाही. दोन्ही क्षेत्रांचा जोर एकाच क्षणी येत नाही, म्हणून ही बेरीज जरा जास्त आहे, हे मला मान्य. ती जास्तच राहू द्या. पाइपात गाळ साचतो, त्यात प्लास्टिक अडकतं, आणि साफसफाईचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

वरचं पाणी हद्दीवर भिंत घालून अडवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे परत जाऊ नका. पाणी वरच्या शेतात तुंबलं की तो शेतकरी मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाऊ शकतो. नैसर्गिक प्रवाहात घातलेला अडथळा काढायला लावण्याचा अधिकार तिथं आहे. त्याला सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि सहा महिन्यांत एक पावसाळा आरामात बसतो. शिवाय भिंत तुटते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात सीमाभिंती कोसळल्या आणि माणसं गेली.

आता शेवटचं टोक. सगळे डिझाइन प्लॉटच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू करतात आणि उतरत उतरत ओढ्यापाशी पोचतात. तिथं कळतं की पाइपचा तळ ओढ्याच्या पूरपातळीखाली अर्धा मीटर गेलाय. म्हणजे ओढा भरला की पाणी बाहेर जायचं सोडून चेंबरमधून तुमच्या रस्त्यावर येणार. म्हणून उलटं जा. आधी ओढ्याची पूरपातळी काढा. गावातल्या वयस्कर माणसाला विचारा, पुलाच्या खांबावरच्या खुणा बघा, काटेरी झुडपांत अडकलेला कचरा बघा. खात्याकडे नोंद असेल तर उत्तमच. ती पातळी हा तुमचा शून्य. तिथून वर चढत या.

लांबी १५० मीटर आणि उतार १:२०० असेल तर ७५ सेंटिमीटर उतारातच गेले. त्यावर ९०० चा पाइप, पाइपची जाडी आणि वर निदान अर्धा मीटर भराव. म्हणजे वरच्या टोकाला रस्ता पूरपातळीपेक्षा सव्वादोन मीटर वर हवा. तुमची जमीन जेमतेम दीड मीटर वर असेल तर हे गणित बसत नाही, कितीही वेळा नकाशा सादर करा. अशा वेळी लोक पूर्ण लेआउट भरावानं उचलतात. तो सगळ्यात महागडा उपाय आहे, आणि बऱ्याचदा शेजाऱ्याच्या शेतात पाणी ढकलणारा. मी पाइप सोडून देतो आणि उघडा आरसीसी चॅनेल घेतो: १.२ मीटर रुंद, ७०० मिलिमीटर खोल. त्याच उतारावर अर्धा मीटर खोलीनं वाहताना तो दोन्ही क्षेत्रांचं मिळून सगळं पाणी नेतो, पाइपच्या निम्म्याहून थोड्याच जास्त उंचीत बसतो, आणि गाळ वरून दिसतो. "उघडं गटार चांगलं दिसत नाही" असं विक्री विभाग म्हणतो. जाळ्या टाका म्हणावं.

ओढ्याला पोचायला मध्ये दुसऱ्याची जमीन लागत असेल तर तोंडी संमती काही कामाची नाही. पाण्याच्या वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्तानं घ्या आणि दस्ताची प्रत फाइलला जोडा. शेतकरी आज "घ्या की" म्हणतो. उद्या जमीन विकतो, आणि नवा मालक पाइप माती टाकून बंद करतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्याखालच्या मोरीत पाणी सोडायचं असेल तर त्या विभागाची परवानगी लागते. त्याआधी मोरी स्वतः वाकून बघा. वरचं शिवार सगळं शेतीचं असताना बांधलेली मोरी तुमच्या लेआउटचं पाणी घेईलच असं नाही, आणि ती तुंबली तर आधी बुडतो तो तुमचाच खालचा प्लॉट.

शेवटच्या टोकाला शोषखड्डा दाखवून सुटका करून घेण्याची एक पद्धत आहे. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे पावसाळाभर भरलेली टाकी. ती माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. मुरूम लागत असेल तर थोडं मुरतं, पण जोराच्या सरीचं पाणी त्या वेगानं मुरत नाही. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, ते कराच. पण ते गटाराच्या जागी दाखवू नका. आणि पावसाळी पाणी मैलापाण्याच्या लाइनला जोडू नका. दोन्ही लाइन वेगळ्या, नकाशे वेगळे, रंग वेगळे.

बाकीची खाती

मुरूम-माती बाहेर नेणार किंवा बाहेरून आणणार असाल तर गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) तहसील कार्यालयात आधी भरा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच जमिनीत खोदून तिथंच भरलेल्या मातीवर स्वामित्वधन लागतं का, हा वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तोंडी वाद घालण्यापेक्षा खोदाई आणि भरावाचा ब्रासमधला (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) हिशेब लिहून तहसीलदारांना द्या. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या पुढं जाणार असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते, आणि ती येईपर्यंत जमिनीला हात लावू नका.

काम कोणत्या क्रमानं

आधी शेवटचं टोक बांधा. मग चॅनेल, मग रस्ते, सपाटीकरण सगळ्यात शेवटी. ठेकेदाराला हे उलटं करायचं असतं, कारण सपाटीकरणाचं बिल लवकर निघतं. जून उजाडल्यावर मोठी खोदाई सुरू करू नका. उघडी पडलेली माती पहिल्या जोराच्या पावसात ओढ्यात जाते आणि तक्रार ग्रामपंचायतीत येते. काम अर्धवट असेल तर ओढ्याच्या अलीकडे गाळ बसायला एक खड्डा ठेवा आणि दर मोठ्या पावसानंतर तो उपसा.

तात्पुरत्या मंजुरीनंतर जागेवर आखणी, मग मोजणी, मग अंतिम मंजुरी. अंतिम मंजुरीला जाण्याआधी झालेल्या गटारांच्या लेव्हल पुन्हा घेऊन नकाशात भरा. मंजूर नकाशातला उतार आणि जागेवरचा उतार यांत फरक पडतोच. तो अधिकाऱ्यानं दाखवण्याआधी तुम्ही दाखवलात तर सुधारित नकाशावर भागतं. चॅनेल आणि गाळाचे खड्डे साफ करण्याची जबाबदारी कुणाची, हे प्लॉटधारकांच्या करारात खर्चासकट लिहा, आणि मोरी व शेवटच्या टोकाचे लेव्हलसकट फोटो त्याच फाइलमध्ये ठेवा.