चालणाऱ्या कार्डाची कॉपी मारू नका: डिस्क इमेज बनवताना या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात एक जुना मिठाईचा डबा आहे. त्यात एसडी कार्डं भरलेली. मार्करने लिहिलंय: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच घ्या’. कोणत्या कार्डात काय आहे ते आता कोणालाच सांगता येणार नाही. रास्पबेरी पाय, रॉकचिप आणि ऑलविनर चिपांचे छोटे संगणक-बोर्ड आणि इंटेलची छोटी पेटी अशा चार प्रकारच्या मशीनसाठी इमेज (कार्डावर जशीच्या तशी उतरवायची अख्ख्या सिस्टिमची फाइल) बनवताना झालेल्या चुकांचं ते संग्रहालय आहे. नवीन पोरं त्यात दर वर्षी भर घालतात.

चूक पहिली आणि माझी लाडकी: चालणाऱ्या कार्डाची कॉपी

रीत ठरलेली आहे. एका बोर्डावर दोन दिवस खटपट करायची, सगळं चाललं की कार्ड काढायचं, डीडी या कॉपीच्या कमांडने त्याची फाइल करायची आणि जाहीर करायचं, “सर, इमेज तयार!” पण त्या फाइलमध्ये त्या एका मशीनचा सगळा संसार असतो. मशीन-आयडी (त्या मशीनचा ओळख-क्रमांक), एसएसएचच्या म्हणजे दुरून लॉगिनच्या किल्ल्या, ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड, आणि टर्मिनलच्या हिस्टरीत तुम्ही चुकून टाइप केलेलं काहीबाही.

आम्हीही हे केलंय. जुलै महिना, रबाळे एमआयडीसीतला एक कारखाना, प्रत्येक मशीनशेजारी एक अशा चोवीस पेट्या. ऑफिसात एकेक पेटी लावून तपासली होती, प्रत्येक व्यवस्थित चालली. तिथे सगळ्या चालू केल्या आणि डॅशबोर्डवर खेळ सुरू झाला. एक पेटी दिसली की दुसरी गायब. तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला, “साहेब, एकाला जीव आला की दुसरा जातोय.” आम्ही स्विच बदलला. केबल बदलली. अर्थिंगवर संशय घेतला, कारण पावसाळ्यात अर्थिंगवर संशय घेणं सोपं असतं. संध्याकाळी कोणीतरी राउटरच्या डीएचसीपीची (मशीनांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेची) यादी उघडली तेव्हा कळलं, चोवीस पेट्या आणि आयपी एकच.

घडलं होतं ते असं. सिस्टमडी-नेटवर्कडी (लिनक्समधला नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) डीएचसीपीकडे पत्ता मागताना मुळात जी ओळख सांगतं ती मशीन-आयडीवरून बनवलेली असते. बऱ्याच राउटरांत पत्ते वाटायला डीएनएसमास्क असतं आणि ते मॅक अॅड्रेसपेक्षा (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकापेक्षा) ही ओळख जास्त मानतं. बोर्ड एकसारखे, आयडी एकच, म्हणून पत्ताही एकच. दुरुस्ती एका मिनिटाची होती. पण ती चोवीस वेळा, शिडीवर चढून, कार्ड काढून करायची होती. शेवटची ठाणे लोकल गेली, मग ऐरोली-कळवा मार्गे रिक्षा, आणि रिक्षावाल्याने पावसाचे वेगळे पैसे घेतले.

तेव्हापासून बिल्डच्या शेवटच्या पायरीत मशीन-आयडीची फाइल रिकामी होते. रिकामी, डिलीट नाही. रूट (मुख्य फाइलसिस्टिम) रीड-ओन्ली असेल तर सिस्टमडीला तिच्यावर तात्पुरता आयडी चढवायला ती फाइल जागेवर लागते. एसएसएचच्या किल्ल्याही जातात. पण डेबियन लिनक्समध्ये त्या पॅकेज बसवताना बनतात, नुसत्या उडवल्या तर आपोआप परत येत नाहीत आणि एसएसएच सुरूच होत नाही. म्हणून पहिल्या बूटला एसएसएच-कीजेन (किल्ल्या बनवणारी कमांड) चालवणारी छोटी सर्व्हिस मी इमेजमध्येच टाकतो. आणि एक सवय: तपासायला नेहमी दोन पेट्या, एकाच स्विचवर, एकाच वेळी. एकटी पेटी कधी भांडत नाही.

चूक दुसरी: बोर्ड तितक्या स्क्रिप्ट

चार बोर्ड, म्हणून चार स्क्रिप्ट. पहिली लिहायची, बाकीच्या तिच्यावरून कॉपी-पेस्ट. सहा महिन्यांनी पासवर्डचं धोरण बदललं की तीन स्क्रिप्टमध्ये बदल होतो, चौथी राहते, आणि नेमकी तीच ग्राहकाकडे जाते.

खरं तर बोर्डाबोर्डांतला फरक फार थोडा असतो. मी रूट फाइलसिस्टिम आर्किटेक्चरनुसार (प्रोसेसरच्या प्रकारानुसार) एकदाच बनवतो: एक आर्म ६४, एक एएमडी ६४ (इंटेललाही हेच). प्रत्येक बोर्डाला पाच-सहा ओळींची एक फाइल. तिच्यात कर्नल, डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय-काय आहे त्याचं वर्णन), बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) कोणता आणि डिस्कवर कुठे, पार्टिशन टेबल कोणतं, सिरियल कन्सोल (बोर्डाचे मेसेज बघायची वायर) कोणता. शेवटी जेनइमेज नावाचं टूल हे सगळं एकत्र बांधतं. नवीन बोर्ड आला तर नवीन फाइल लिहायची, स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

त्या फाइलमधली ‘कुठे’ ही ओळ घाईत भरू नका. पायचं फर्मवेअर एसडी कार्डावरचं फॅट पार्टिशन वाचतं, त्याला पार्टिशनबाहेरच्या कच्च्या जागेशी देणंघेणं नाही. इंटेलच्या पेटीला यूईएफआयचं (पीसीच्या फर्मवेअरचं) पार्टिशन दिलं की झालं. रॉकचिपला मात्र बूटलोडरचा पहिला टप्पा सेक्टर ६४ ला (सेक्टर म्हणजे ५१२ बाइट), म्हणजे ३२ केबीवर लागतो, आणि यू-बूट हा मुख्य बूटलोडर बहुधा ८ एमबीवर ठेवतात. म्हणून तिथे माझं पहिलं पार्टिशन १६ एमबीपासून. ऑलविनर बूटलोडरसाठी ८ केबीवर, म्हणजे सेक्टर १६ ला बघतो. आता जीपीटी प्रकारचं पार्टिशन टेबल नेहमीच्या मांडणीत सेक्टर ३३ पर्यंत पसरलेलं असतं. दोघं एकाच जागेवर, जो नंतर लिहील तो जिंकला. आमच्या एका हुशार मुलाने “जीपीटी मॉडर्न आहे” म्हणून सगळीकडे तेच लावलं आणि दोन दिवस बोर्ड खराब असल्याचं मला पटवत बसला. ऑलविनरला मी जुनं एमबीआर प्रकारचं टेबल देतो. नव्या चिपा १२८ केबीवरही बघतात, पण कोणती नवी आणि कोणती जुनी हे लक्षात ठेवायचा मला कंटाळा आहे.

बाकीच्या, पटापट

डेबियनच्या पॅकेजच्या सूचीत ‘स्टेबल’ (म्हणजे जी आवृत्ती चालू असेल ती) लिहू नका. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं आणि आदल्या दिवशीच्याच स्क्रिप्टने वेगळीच ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. ‘बुकवर्म’ (डेबियन १२) असं आवृत्तीचं नाव घालून लिहा.

रूटचा पत्ता एमएमसीच्या (कार्डाच्या) नंबरने देऊ नका. बोर्डावर ईएमएमसी (बोर्डावरच जोडलेली साठवण) असली की नंबर कधीही इकडचा तिकडे. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा आयडी) द्या.

कार्डावर १६ जीबी छापलंय म्हणून इमेज तेवढीच करू नका. सगळी कार्डं आतून सारखी नसतात. लहान करा, पहिल्या बूटला वाढू द्या.

लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्कसारखी दाखवायची सोय) माउंट करून फाइली भरणं मी सोडलंय. मधेच बिल्ड पडला की माउंट लटकत राहतो आणि मग सगळे सुडो-सुडो (रूटचे अधिकार मागत) करत फिरतात. एमके-ई-टू-एफएस या कमांडला फोल्डर दाखवलं की ते भरलेली फाइलसिस्टिम थेट बनवून देतं, रूटचे अधिकार लागतच नाहीत.

सिरियल कन्सोलवर कचरा दिसला की बोर्ड मेलेला नसतो. बऱ्याच रॉकचिप बोर्डांचा बॉड रेट (सिरियलचा वेग) १५,००,००० असतो आणि तुम्ही नेहमीचा १,१५,२०० लावलेला असतो.

पाच पेट्यांसाठी योक्टो (सगळी सिस्टिम मुळापासून बनवणारं अवजड टूल) लावणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. पहिला बिल्ड संपेपर्यंत तेच शहाणे होतात.

आणि डीडी. ‘दहा मिनिटांत इमेज’ दाखवणाऱ्या व्हिडिओत तो माणूस डिस्कचं नाव न बघता एंटर मारतो. मी डीडीऐवजी बीमॅपटूल वापरतो. भरलेले ब्लॉक तेवढेच लिहितं, लिहिताना चेकसमही पडताळतं. तरी एंटरआधी कार्ड एकदा काढून, परत घालून, कोणतं नाव गेलं आणि कोणतं आलं ते बघतो. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर आजही पायची इमेज आहे.