अरुंद खड्ड्यातला संप पंप: फ्लोट स्विचच्या या चुका टाळा

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत लिफ्टच्या पिटशेजारी एक छोटा खड्डा आहे, पंधरा इंच बाय पंधरा इंच, खोली अडीच फूट, आणि त्यात साचणारं पाणी उपसणारा पंप (त्यालाच संप पंप म्हणतात) आम्ही दोन पावसाळ्यांत दोनदा बदललाय. पहिल्या वर्षी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच, वरच भिंतीला अडकला, पाणी संपलं तरी पंप कोरडाच फिरत राहिला आणि जळाला. दुसऱ्या वर्षी फ्लोट पंपाच्या हँडलखाली गुंतला, पंप चालूच झाला नाही, आणि सकाळी लिफ्टच्या पिटमध्ये गुडघाभर पाणी. मेकॅनिक म्हणाला जळाला, आम्ही नवीन आणला. तो "जळालेला" पंप नंतर वॉचमनच्या केबिनमागे पडून होता, एकदा बादलीत ठेवून डायरेक्ट सप्लाय दिला तर मस्त फिरला! म्हणजे पैसे गेले पंपात आणि दोष होता फ्लोटला फिरायला जागा नसण्यात.

म्हणून दुकानात जायच्या आधी टेप घेऊन खड्डा मोजा (मेन एमसीबी खाली पाडून, आणि त्या लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवा, बाकी सगळं नंतर). केबलवाला फ्लोट जिथे बांधलाय तिथून गोल फिरतो. बांधल्यापासून फ्लोटपर्यंत केबल चार इंच धरा, फ्लोट स्वतः पाच इंच, म्हणजे मधल्या लेव्हलला तो आडवा झाला की नऊ इंच मोकळी जागा पाहिजे. आमच्या खड्ड्यात पंपच सात इंच खातो, उरले आठ. झालं, तिथेच गणित फसलं.

यावर लोक काय करतात, तर केबल अजून आखूड बांधतात. ही सगळ्यात कॉमन चूक. केबल साडेतीन-चार इंचांच्या खाली गेली की तिचा ताठरपणाच फ्लोटला नीट वळू देत नाही, त्यात जुनी पीव्हीसी केबल असेल तर काठीसारखी कडक झालेली असते. आणि आखूड केबल म्हणजे चालू आणि बंद लेव्हलमधली गॅप कमी. आमच्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण पावणेचार लिटर, गॅप चार इंच ठेवली तर पंधरा लिटर. मिनिटाला दहा लिटर झिरपून येतंय आणि पंप मिनिटाला १२० लिटर उपसतोय असं धरलं, तर दीड मिनिटात खड्डा भरतो, आठ सेकंदांत रिकामा होतो, तासाला छत्तीस-सदतीस वेळा स्टार्ट. गॅप आठ इंच केली की हेच अठरा-एकोणीसवर येतं. प्रत्येक स्टार्टला मोटर कितीतरी पट करंट खेचते आणि तापते, तासाला किती स्टार्ट चालतील ते पंपाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, पण ते मॅन्युअल आपण खोक्याबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकतो.

मग अरुंद खड्ड्यात लावायचं काय? माझं मत, उभ्या दांडीवर वरखाली सरकणारा फ्लोट. त्याला बाजूला जागाच लागत नाही, दांडीवरचे दोन स्टॉपर वरखाली केले की चालू-बंद लेव्हल सेट. खालचा स्टॉपर असा ठेवा की पंपाचं तोंड उघडं पडायच्या आधी पंप बंद होईल, वरचा असा की पाणी खड्ड्यात येणाऱ्या पाइपाच्या आणि लिफ्ट पिटच्या फरशीच्या खालीच राहील. त्रास एकच, दांडीवर गाळ आणि बारीक रेती बसली की फ्लोट अडकतो, म्हणून पावसात दर पंधरा दिवसांनी पाणी मारून धुवायचा. चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा करून त्यात हा फ्लोट ठेवला तर कचरा आणि पंपाची केबल दोन्ही लांब राहतात, फक्त भोकं बंद लेव्हलच्या खाली पाडा आणि वरचं तोंड उघडं ठेवा. केबलवाला फ्लोट मात्र अशा पाइपात घालू नका, तिथे तो वळणारच नाही. सळ्यांचा सेन्सर पण मिळतो, जागा काहीच खात नाही, पण पार्किंगचं ऑइल आणि चिखल सळ्यांवर चढला की त्याला पाणी दिसेनासं होतं, बेसमेंटला मी तो लावणार नाही.

आता वायरिंग. बाजारात मिळणारा तीन वायरींचा फ्लोट टाकी भरायला पण चालतो आणि खड्डा उपसायला पण, कुठल्या दोन वायरी जोडल्या त्यावर ठरतं. गच्चीच्या टाकीची सवय असलेला इलेक्ट्रिशियन सवयीने भरायचं कनेक्शन करतो, मग खड्डा कोरडा असताना पंप चालू आणि भरला की बंद! रंगावर विश्वास नको, कंपनीगणिक बदलतात. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन वायरी आतून जोडल्यात का ते दाखवणारी सेटिंग) लावा, फ्लोट लोंबता धरा, मग उलटा वर करा, वर केल्यावर जी जोडी लागते ती आपली. पंप एक एचपीचा किंवा मोठा असेल तर करंट फ्लोटमधून सरळ नेऊ नका, मध्ये काँटॅक्टर (मोटरचा करंट स्वतःवर घेणारा मोठा स्विच) घाला, नाहीतर आतले पॉइंट चिकटतात आणि पंप थांबायचं नाव घेत नाही.

एनआरव्ही, म्हणजे पाइपातलं पाणी परत मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, नसणं ही स्विचची चूक नाही पण खापर स्विचवरच फुटतं. ४० मिमी आतल्या व्यासाचा सहा मीटर उभा पाइप म्हणजे साडेसात लिटर पाणी, पंप बंद झाला की ते सगळं परत खड्ड्यात, आमच्याकडे दोन इंच लेव्हल नुसती तेवढ्यानेच वाढायची. गॅप लहान असेल तर पंप लगेच परत चालू, आणि सगळे म्हणणार स्विच खराब.

पंप सुटा ठेवू नका, स्टार्टच्या झटक्याने तो थोडा थोडा सरकतो, जूनमध्ये भिंतीपासून लांब बांधलेला फ्लोट ऑगस्टमध्ये भिंतीला टेकलेला सापडतो. पंप पाइपाला घट्ट क्लॅम्प करा आणि फ्लोट पाणी पडतं त्या धारेखाली नको.

टेस्ट मिरगाच्या आधी, आणि काठीने फ्लोट उचलून नाही. बादल्यांनी खड्डा खरंच भरा, पाच वेळा चालू-बंद होऊ द्या, मग झाकण लावून परत एकदा, कारण कितीदा तरी झाकणच केबल दाबतं. वॉचमनला सांगून ठेवा, पॅनलचा स्विच मॅन्युअलवर केला तर परत ऑटोवर आणायचा, आमच्याकडे तिथे आता लाल स्केचपेनने लिहिलंय. आणि वरच्या लेव्हलला हूटरचा (अलार्मच्या भोंग्याचा) दुसरा फ्लोट टाका, त्याची वायर पहिल्या फ्लोटच्या सप्लायवर नको, वेगळ्या लाइनवर घ्या.