संशोधन विभाग परदेशी हलतो तेव्हा: राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

जालन्यातील बियाणे कंपनी असो वा वाळूजमधील औषध कंपनी, जैवतंत्रज्ञान विभाग परदेशी नेण्याचे ठरले की कर्मचाऱ्यांपुढे बहुधा ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहिलेला तयार राजीनामा ठेवला जातो. त्यावर त्याच दिवशी सही करू नये. स्वेच्छेचा राजीनामा कायद्याने नोकरकपात ठरत नाही. त्यामुळे सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला नोकरकपातीत मिळणारी 1 महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई, या दोन्हींवर त्या एका सहीने पाणी सोडावे लागते. विचारासाठी मुदत ईमेलनेच मागावी.

आपण कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहोत की नाही, हे हुद्द्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून ठरते. दिवसभर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रयोगशाळेतील चाचणी) चालवणारा किंवा कपाशीच्या चाचणी प्लॉटवर नोंदी घेणारा तंत्रज्ञ कागदोपत्री ‘मॅनेजर’ असला, तरी त्याला दावा मांडता येतो. म्हणून नियुक्तीपत्र, पगारपत्रके आणि आपल्या कामाचे स्वरूप सांगणारी मूल्यमापनपत्रे जपून ठेवावीत. प्रयोगवह्या, जनुकीय माहिती आणि बियाण्यांचे नमुने मात्र घरी आणू नयेत. ती कंपनीची मालमत्ता आहे आणि भरपाई मागणाराच चोरीच्या तक्रारीत अडकू शकतो.

ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे 5 वर्षांची सलग सेवा लागते आणि ती राजीनाम्यानंतरही मिळते. भविष्य निर्वाह निधी घाईने काढू नये, कारण पेन्शनचा हक्क 10 वर्षांच्या सेवेवर उभा असतो.

‘दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ या अटीला अनेक जण विनाकारण घाबरतात. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नुसार नोकरी सुटल्यानंतरचे असे बंधन सामान्यतः निरर्थक ठरते. गोपनीयतेची जबाबदारी मात्र कायम राहते.

नव्या अर्जात शेतावरील अनुभव सर्वांत वर लिहावा, असे माझे मत आहे. जनुकांची मांडणी कोणत्याही देशात वाचता येते. पण पावसाने महिनाभर दडी मारल्यावर काळ्या जमिनीत कपाशीचे वाण कसे तग धरते, हे पाहायला इथेच माणूस लागतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील प्रकल्पपदांच्या जाहिराती नियमित पाहाव्यात. ही पदे बहुधा तात्पुरती असतात, तेव्हा मुदत आधी विचारून घ्यावी.