मधुमेह आहे आणि बीपीही वाढलंय: उपचार कसे करावेत

मधुमेह असलेल्या माणसाला तीन महिन्यांची सरासरी साखर विचारली, तर आकडा बहुतेक वेळा लगेच सांगता येतो. बीपी विचारलं की उत्तर येतं, ‘नॉर्मल आहे, गोळी चालू आहे.’ आकडा कोणाच्याच लक्षात नसतो. खरं तर मधुमेहात मेंदू, हृदय, किडनी आणि डोळ्याचा पडदा या चारही ठिकाणी साखरेच्या बरोबरीने बीपी नुकसान करत असतं.

ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासाने हे १९९८ साली दाखवलं. टाइप २ मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या ११४८ जणांपैकी ज्या गटाचं बीपी सरासरी १४४/८२ वर राहिलं, त्याच्यात पक्षाघाताचं प्रमाण १५४/८७ वर राहिलेल्या गटापेक्षा ४४ टक्क्यांनी कमी होतं. वरच्या आकड्यातला फरक फक्त दहाचा. याच लोकांच्या पुढच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००८ साली आले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. सुरुवातीला साखर काटेकोर ठेवल्याचा फायदा नंतरही टिकून होता. बीपीचं मात्र तसं झालं नाही. दोन्ही गटांचं बीपी सारखं झाल्यावर आधीचा फायदा विरून गेला. मागे घेतलेल्या गोळ्यांची पुण्याई बीपीच्या बाबतीत पुढे पुरत नाही. उपचार चालू आहे तोवरच संरक्षण आहे.

१. आधी बीपी नीट मोजा

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या. दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.

मधुमेहात आणखी एक मोजणी लागते, आणि ती सहसा राहून जाते. वर्षानुवर्षांच्या साखरेने नसा (मज्जातंतू) कमकुवत झाल्या असतील तर उभं राहताच बीपी घसरतं. म्हणून बसून मोजल्यावर उभं राहा आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर गोळ्या वाढवण्याआधी डॉक्टरांना हे कळायलाच हवं. नाहीतर बसल्यावर छान दिसणारं बीपी रात्री लघवीला उठलेल्या आजोबांना पाडतं, आणि मांडीचं हाड मोडतं.

२. किती असायला हवं ते ठरवून घ्या

बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८० च्या खाली. खूप वय झालेल्या, सतत चक्कर येणाऱ्या किंवा इतर मोठे आजार असलेल्या माणसासाठी डॉक्टर थोडी ढील देतात. तुमचा आकडा त्यांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

३. गोळीआधी किडनी तपासा

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम, ईसीजी, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. ही शेवटची तपासणी नाव घेऊन मागा. साध्या लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिनची सुरुवातीची गळती दिसत नाही. आकडा ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या आत असेल तर ठीक. त्यापुढे गेलं तर किडनीला इजा होऊ लागल्याची ती खूण असू शकते, आणि गोळी कोणती द्यायची हेही त्यावर ठरतं. निदान वर्षातून एकदा ही तपासणी व्हावी.

४. गोळ्या समजून घ्या

लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर पहिली निवड टेल्मिसार्टन, लोसार्टन यांच्या गटातली किंवा रामिप्रिल, एनालाप्रिल यांच्या गटातली गोळी. दोन्ही गट किडनीच्या गाळणीवरचा दाब कमी करतात. दोन्ही एकत्र मात्र कधीच नकोत, पोटॅशियम धोकादायक वाढतं. रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. त्यावर महिनोन्‌महिने खोकल्याचं औषध पीत बसू नका, गोळी बदलून मिळते. या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम पुन्हा तपासा. गर्भारपणात या दोन्ही गटांतल्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच सांगा.

जोडीला अम्लोडिपिन किंवा क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांसारखी लघवी वाढवणारी गोळी येते. अम्लोडिपिनने पायाच्या घोट्याला सूज येऊ शकते. सुरुवातीलाच बीपी १५०/९० किंवा जास्त असेल तर डॉक्टर बहुधा दोन औषधं एकदम देतात, कधी एकाच गोळीत. ‘दोन दिल्या म्हणजे आजार बळावला’ असं समजून घाबरू नका. एकाच औषधाचा डोस ताणण्यापेक्षा दोन औषधं थोड्या प्रमाणात दिली तर काम चांगलं होतं आणि त्रासही कमी. मेटोप्रोलोल, अटेनोलोलसारख्या गोळ्या असतील तर एक लक्षात ठेवा: साखर उतरल्यावर होणारी धडधड त्या झाकतात. दरदरून घाम सुटला तरी लगेच साखर तपासा.

बीपी १२४/७६ आलं की अनेक घरांत गोळी बंद होते, ‘आता नॉर्मल झालं’ म्हणून. ते गोळीमुळे नॉर्मल आहे. सवय लागेल ही भीतीही निराधार आहे. खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळतं, आणि सरकारी आरोग्य केंद्रात बीपीच्या मुख्य गोळ्या मोफत मिळतात. हवं तर स्वस्त घ्या, पण बंद करू नका.

५. मीठ मोजा, घरभर

माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, सगळं धरून. चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम झालं. किलोची पुडी महिना संपायच्या आत संपत असेल तर हिशोब चुकतो आहे, आणि त्यात पापड, लोणचं, सांडगी मिरची, फरसाण, वेफर, सुकट यांतलं मीठ धरलेलंच नाही. रोजचा पापड आणि जेवताना वरून घेतलेलं मीठ या दोन गोष्टी आधी सोडा. आमटी-भाजीतलं मीठ हळूहळू कमी करा, लिंबू, कोकम, जिरेपूड वाढवा. दोन-तीन आठवड्यांत जीभ रुळते. मात्र एकट्या आजारी माणसासाठी वेगळी अळणी भाजी केली तर ती टिकत नाही. घरातल्या सगळ्यांनी बदललं तर टिकते.

उपासाचं शेंदेलोण ‘चालतं’ असा समज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल चालू असेल तर ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, तंबाखू-मिश्री बंद. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बीपी चढवतात आणि किडनीलाही मारक ठरतात. ती पहिल्यांदा थांबवा.

६. जुलाब-उलट्या झाल्या, किंवा बीपी एकदम चढलं

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टेल्मिसार्टन-रामिप्रिल गटातली, लघवी वाढवणारी, आणि साखरेच्या मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कधी सुरू करायच्या हेही तेव्हाच विचारून ठेवा.

१८०/१२० किंवा जास्त दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. त्रास काही नसेल तर जास्तीची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तरी करू नका. त्याने बीपी इतकं झपाट्याने कोसळू शकतं की पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना अडखळणं, अचानक अंधुक दिसणं यांतलं काहीही असेल, तर बीपी कितीही असो, पुन्हा मोजण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा.