झिंक सल्फेट डीएपीत कालवू नका

खान्देशातल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जस्त असतं, पण सामू (पीएच) जास्त असल्याने ते पिकाला लागू होत नाही. मक्याकडे बघा: कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढुरके पट्टे दिसले की कमतरता जस्ताची समजा. झाडात जस्त जुन्या पानांतून नव्या पानांत सहज सरकत नाही, म्हणून खूण आधी वर, शेंड्याकडे दिसते. नत्राचं उलट, तिथे खालची पानं आधी पिवळी पडतात. हा फरक ओळखला तर नत्र देणाऱ्या युरियाचा फुकटचा खर्च वाचतो.

पेरणीच्या घाईत झिंक सल्फेट (जस्ताचं खत) आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) एकाच घमेल्यात कालवलं जातं. कृपा करून तसं करू नका. डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त मिळून न विरघळणारा झिंक फॉस्फेट होतो, आणि दोन्हींचे पैसे मातीत जातात. एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळं टाका. हे प्रमाण 21 टक्के जस्तवाल्याचं. 33 टक्केवालं त्याहून कमी लागतं, म्हणून पिशवीवरचा आकडा वाचूनच घ्या. उभ्या पिकात 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. नुसतं झिंक सल्फेट मारलं तर पानं करपतात.